लाल शाईचा शेरा : नशेपायी फौजेतून घरी आलेल्या जवानाची पेन्शनची वाट खरंच बंद झालेली असते का?

सुट्टीवर आलेला फौजी आणि कायमचा घरी आलेला फौजी यातला फरक गावाला पंधरा-वीस दिवसांत कळतो. सुट्टी संपायची तारीख निघून जाते, पण ट्रंक काही बांधली जात नाही. पेन्शन घेऊन आला म्हणावं तर वय जेमतेम बत्तीस. मग पारावर कुजबुज सुरू होते. "लवकर आला गड्या, काय झालं असंल?" "दारूनं झालं म्हणत्यात." विषय तिथंच संपतो. घरचे तोंड उघडत नाहीत आणि तो स्वतः तर नाहीच नाही.

सातारा जिल्ह्यात फौजेला मान आहे. अपशिंगे मिलिटरी या एका गावातले 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. खटाव, माण, कोरेगाव, पाटण या तालुक्यांत घरटी नाही तरी भावकीत एक तरी फौजी सापडतोच. जिथं मान एवढा मोठा, तिथं त्याच नोकरीतून काढून टाकलं जाण्याची लाजही तेवढीच मोठी. त्या लाजेपायी एक गोष्ट घडते. जवान आपले कागद ट्रंकेच्या तळाशी टाकतो आणि पुन्हा उघडून बघत नाही.

खरी अडचण इथंच आहे. त्या कागदावर नेमका कोणता शब्द लिहिलाय, यावर त्याचं आणि बायकापोरांचं पुढचं आयुष्य ठरतं. तो शब्द चुकीच्या पद्धतीने लागला असेल तर बदलून घेण्याची सोय कायद्यात आहे. पण दाद मागायला मुदत आहे सहा महिन्यांची, आणि लाज मोडायला लागतात चार-पाच वर्षं. बरीच प्रकरणं या दोन मुदतींच्या मधल्या फटीत पडून वाया जातात.

तीन शब्द, तीन वेगळी आयुष्यं

गावात सरसकट "काढून टाकलं" म्हणतात. लष्कराच्या कागदावर त्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाची किंमत वेगळी असते.

पहिला शब्द बडतर्फी, म्हणजे डिसमिसल. ही कोर्ट मार्शलच्या शिक्षेतून येते किंवा आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 20 खाली वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हुकमाने येते. पेन्शनच्या नियमाप्रमाणे बडतर्फ झालेल्याला आधीच्या सगळ्या सेवेबद्दल पेन्शन नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. चौदा वर्षं सियाचीनपासून राजस्थानच्या वाळवंटापर्यंत कुठंही काढलेली असोत, हिशेब शून्यावर येतो. अपवाद म्हणून राष्ट्रपतींच्या अधिकारात काही देता येतं, पण तो अपवादच.

दुसरा शब्द डिस्चार्ज. आर्मी रूल्स 1954 च्या नियम 13 खाली तो होतो. नशेच्या किंवा शिस्तीच्या नोंदी साठल्या की जवानाला बहुतेक वेळा याच नियमाच्या "इतर सर्व प्रकार" या रकान्यातून घरी पाठवतात. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की डिस्चार्ज झालेला माणूस पेन्शनला अपात्र होत नाही. त्याची सेवा पुरेशी भरलेली असेल तर पेन्शन मिळते. मात्र शिपायापासून हवालदारापर्यंत पेन्शनपात्र सेवा 15 वर्षांची लागते, आणि चौथी नोंद होते ती बाराव्या-तेराव्या वर्षी. मग हातात पडते फक्त ग्रॅच्युइटी. सेवा थोडक्यात कमी पडत असेल तर एक वर्षापर्यंतची तूट माफ करण्याची तरतूद आहे. तिला अटी आहेत, पण अर्ज केल्याशिवाय ती आपोआप कुणी देत नाही.

तिसरा शब्द वैद्यकीय कारणाने बाहेर, म्हणजे इनव्हॅलिड आऊट. जवान आजारी ठरतो, मेडिकल बोर्ड बसतं आणि बोर्डाच्या शिफारशीवर तो घरी येतो. यात सेवा दहा वर्षांची किंवा जास्त असेल तर इनव्हॅलिड पेन्शनचा मार्ग असतो. आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे वाढला असं ठरलं आणि अपंगत्व किमान 20 टक्के असलं, तर अपंगत्व पेन्शनही मिळते.

आता एकाच माणसाला हे तिन्ही शब्द लावून बघा. सेवा बारा वर्षं, व्यसन तेच, घर तेच. बडतर्फ झाला तर काहीच नाही. डिस्चार्ज झाला तर एकदाच मिळणारी रक्कम. मेडिकल बोर्डातून आला तर जन्मभराची पेन्शन. सातव्या वेतन आयोगानंतर किमान पेन्शनच दरमहा 9,000 रुपये आहे, वर महागाई भत्ता. कोरडवाहू चार एकरवाल्याला महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या या पैशाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पैशाबरोबर ओळखही जाते. गैरवर्तनामुळे बडतर्फ किंवा डिस्चार्ज झालेला आणि पेन्शन न मिळवलेला जवान सरकारी नोकरभरतीच्या व्याख्येत माजी सैनिक धरला जात नाही. राखीव जागा गेली. पेन्शन नाही म्हणून दवाखान्याची ईसीएचएस योजनाही गेली. बँकेत सिक्युरिटी गार्ड लागायचं म्हटलं तरी डिस्चार्ज बुकवरचा चारित्र्याचा शेरा आधी मागतात.

लाल शाई म्हणजे नेमकं काय

जवानाच्या शिक्षेची नोंद त्याच्या कागदपत्रांत होते. किरकोळ शिक्षा काळ्या शाईत, ठराविक वरच्या शिक्षा लाल शाईत. म्हणून रेड इंक एन्ट्री. नशेत सापडणं हा आर्मी ॲक्टच्या कलम 48 खालचा गुन्हा आहे, मग जवान ड्युटीवर असो वा नसो. ड्युटीवर किंवा युद्धसदृश सेवेवर असताना दोन वर्षांपर्यंत कैद, एरवी सहा महिन्यांपर्यंत. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणं कोर्ट मार्शलपर्यंत जात नाहीत. कमांडिंग ऑफिसर कलम 80 खाली स्वतःच शिक्षा देऊ शकतो. त्यात 28 दिवसांपर्यंतची कैद, पगाराचा दंड, सिव्हिअर रेप्रिमांड म्हणजे सक्त ताकीद असे प्रकार येतात.

जवानाच्या दृष्टीने त्या वेळी प्रकरण तिथं मिटलेलं असतं. चौदा दिवस भोगले, पगार कापला गेला, संपलं. पण नोंद राहते. सुट्टीवरून चार दिवस उशिरा गेला, एक नोंद. रात्री बॅरेकमध्ये पिऊन गोंधळ केला, दुसरी. नाइकाशी हुज्जत, तिसरी. पुन्हा दारू, चौथी. आठ-दहा वर्षांत या चार नोंदी जमतात आणि एक दिवस कारणे दाखवा नोटीस हातात पडते.

गांजा, चरस, अफू यांचं प्रकरण दारूपेक्षा जड जातं. तिथं 1985 चा अंमली पदार्थविरोधी कायदाही लागतो आणि लष्कर कलम 69 खाली तो गुन्हा स्वतःच्या कोर्ट मार्शलमध्ये चालवू शकतं. यात ओढणारा आणि विकणारा असा फरक कायदाही करतो. विक्री, वाहतूक किंवा मोठा साठा सापडला तर सहानुभूतीला जागा फार कमी उरते. पण नुसत्या सेवनाच्या गुन्ह्यात कायद्याच्या कलम 64अ मध्ये असं म्हटलंय की व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि ते पूर्ण केले, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. व्यसन हा आजारही असतो हे देशाच्या कायद्याने मान्य केलंय, त्याचा हा पुरावा.

"चार नोंदी झाल्या की घरी" हा नियम नाही

जवानांमध्ये पक्का समज आहे की चार लाल नोंदी झाल्या म्हणजे नोकरी गेलीच. युनिटमध्येही असंच बोललं जातं. पण खुद्द लष्कराच्या मुख्यालयाने 28 डिसेंबर 1988 च्या पत्रात उलटं सांगितलेलं आहे. चार नोंदींमुळे डिस्चार्ज करणं बंधनकारक नाही. कमांडिंग ऑफिसरने प्रत्येक नोंद कशासाठी झाली ते बघावं. माणूस पेन्शनच्या जवळ आला असेल तर कठोर होऊ नये. त्याने किती वर्षं काढली, कुठल्या खडतर ठिकाणी काढली, हे विचारात घ्यावं. शिवाय आधी निष्पक्ष चौकशी करावी, मग नोटीस द्यावी आणि मग वरच्या अधिकाऱ्याने ठरवावं.

हे पत्र पुष्कळ दिवस फायलीत राहिलं. ऑक्टोबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोफखान्यातल्या एका जवानाच्या प्रकरणात त्याला वजन दिलं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की या पत्रातली पद्धत म्हणजे अधिकाऱ्याच्या मनमानीला घातलेला बांध आहे. चौकशीच झाली नसेल आणि नुसत्या नोंदी मोजून डिस्चार्ज केला असेल तर तो टिकत नाही. त्या जवानाला पेन्शनपात्र सेवा पूर्ण होईपर्यंत नोकरीत धरलं गेलं. मधल्या काळाचा पगार मिळाला नाही, पण पेन्शनचा हक्क मिळाला.

या निकालानंतर लष्करी न्यायाधिकरणात अशा प्रकरणांचं बोलणं बदललं. आता प्रश्न "तू प्यायला होतास का" एवढाच राहत नाही. "तुला काढताना पद्धत पाळली का" हा प्रश्नही तेवढाच मोठा ठरतो. चौकशीत जवानाला हजर ठेवलं का? साक्षीदारांना प्रश्न विचारू दिले का? चारित्र्यावर ठपका येणार असेल तर आर्मी रूल 180 प्रमाणे ही संधी द्यावीच लागते. नोटिशीला दिलेलं उत्तर कुणी वाचलं का? सेवेचा विचार केल्याचं हुकमात दिसतं का? कागदात यातलं काही नसेल, तर जवानाची बाजू तिथं उभी राहते.

पण सगळेच जिंकत नाहीत

दुसरी बाजू न सांगता हे लिहिणं म्हणजे लोकांना खोटी आशा लावणं होईल. जुलै 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वाहनचालक शिपायाची बडतर्फी कायम ठेवली. तो सुट्टीवरून 108 दिवस उशिरा हजर झाला होता आणि आधीही अशा नोंदी होत्या. असली बेशिस्त फौजेत खपवून घेता येणार नाही, असं न्यायालयाचं मत पडलं.

लष्कराचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही. ज्याच्या हातात भरलेली बंदूक आहे, ज्याच्या पहाऱ्यावर बाकीचे बराकीत झोपलेत, तो नशेत असून चालत नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई पिऊन आला तर कुलूप उशिरा उघडतं. सीमेवरचा पहारेकरी पिऊन आला तर जीव जातात. म्हणून न्यायालयं शिस्तीच्या प्रश्नात सहसा हात घालत नाहीत. ती बघतात पद्धत आणि शिक्षेचं प्रमाण. शिक्षा फारच जड असेल तर बडतर्फीचं रूपांतर डिस्चार्जमध्ये होऊ शकतं. पंधरा वर्षं भरलेल्या माणसाला तेवढा एक शब्द बदलला तरी पेन्शन चालू होते.

म्हणजे लढाई बऱ्याचदा नोकरी परत मिळवण्याची नसतेच. ती कागदावरचा शब्द बदलण्याची असते.

गुन्हा की आजार?

इथं एक प्रश्न राहतो आणि तो सगळ्यात अवघड आहे. पोरगं भरतीला गेलं तेव्हा सुपारीच्या खांडालाही शिवत नव्हतं, असं आई शपथेवर सांगते. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत ते ठणठणीत ठरलेलं असतं. मग दहा वर्षांत असं काय झालं?

कारणं फौजी घरांना माहीत आहेत. उंचावरची पोस्टिंग, महिनोन्महिने घरापासून लांब, शेजारी मारला गेलेला जोडीदार, गावाकडे बांधावरून चाललेली भांडणं, बायकोचा फोनवरचा रडका आवाज. उंच ठिकाणी रेशनमध्ये रम मिळते, कँटीनमध्ये स्वस्त मिळते. सुरुवात सगळ्यांची सारखीच होते. त्यातले काही जण परत फिरत नाहीत.

लष्करात व्यसनमुक्तीच्या उपचाराची सोय आहे. दारूच्या अवलंबित्वाचं निदान झालं की जवानाला खालच्या मेडिकल कॅटेगरीत टाकतात, दवाखान्यात ठेवतात, पुन्हा तपासतात. पण युनिटने त्याला दवाखान्यात पाठवलं की मार्चअप करून सीओसमोर उभं केलं, हे पुष्कळदा त्या युनिटवर आणि त्या दिवसावर अवलंबून असतं. एकाच्या कागदावर निदान येतं, दुसऱ्याच्या कागदावर लाल शाई.

नुसत्या व्यसनाला अपंगत्व पेन्शन मिळत नाही, हेही स्पष्ट आहे. दारू, तंबाखू किंवा अंमली पदार्थांच्या अतिरेकातून आलेलं अपंगत्व माणसाच्या स्वतःच्या ताब्यातलं, म्हणून त्याला भरपाई नाही, असं नियम सांगतात. पण नशेच्या मागे दुसरा मानसिक आजार असेल, नैराश्य असेल, भ्रम असतील, तर प्रश्न बदलतो. जुलै 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की भरतीच्या वेळी नोंदवलेला नसलेला आजार पुढे सेवेत निघाला, तर तो सेवेमुळेच झाला असं धरून चालावं. तसं नसल्याचं सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर आहे. म्हणून जुने दवाखान्याचे कागद, मानसोपचारतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या, ॲडमिट केल्याच्या तारखा यांना सोन्याचा भाव आहे.

अमेरिकेत हाच प्रश्न व्हिएतनाम युद्धापासून गाजतोय. तिथं सैनिकाला मिळणाऱ्या डिस्चार्जचे सन्माननीय पासून अपमानास्पद पर्यंत पाच प्रकार आहेत. खालच्या प्रकाराचा शिक्का बसला की सरकारी सवलती तुटतात. पण तो शिक्का वर चढवून घेण्यासाठी तिथं वेगळी मंडळं आहेत. डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे 15 वर्षांच्या आत अर्ज करता येतो. 2014 मध्ये आणि पुन्हा 2017 मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने या मंडळांना लेखी सूचना दिल्या. युद्धाच्या मानसिक आघातामुळे किंवा डोक्याच्या दुखापतीमुळे सैनिक नशेकडे वळला असेल, तर त्याच्या अर्जाचा उदार नजरेने विचार करा, असं त्यात आहे. म्हणजे गांजा ओढला हे मान्य, पण का ओढला हेही विचारायचं.

आपल्याकडे तसं वेगळं मंडळ नाही. 1988 च्या पत्रातली "खडतर ठिकाणची सेवा विचारात घ्या" ही ओळ त्याच्या जवळ जाते, एवढंच. आणि मुदतीचा फरक तर डोळ्यात भरणारा आहे. तिथं पंधरा वर्षं, इथं सहा महिने.

सहा महिन्यांचं गणित

लष्करी न्यायाधिकरण, म्हणजे आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, 2007 च्या कायद्याने आलं आणि ऑगस्ट 2009 पासून चालू झालं. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या जवानांसाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. डिस्चार्ज, पेन्शन असे सेवेचे वाद तिथं कलम 14 खाली जातात, कोर्ट मार्शलविरुद्धची अपिलं कलम 15 खाली. समरी कोर्ट मार्शलची प्रकरणं एरवी तिथं चालत नाहीत, पण बडतर्फीची किंवा तीन महिन्यांहून जास्त कैदेची शिक्षा असेल तर चालतात.

सेवेच्या वादात आधी लष्कराच्या आतली दाद मागावी लागते, म्हणजे वैधानिक तक्रार किंवा अर्ज. त्यावर अंतिम हुकूम आला की तिथून सहा महिने. अर्ज करून सहा महिने झाले आणि उत्तरच आलं नाही, तर त्यापुढचे सहा महिने. मुदत गेली तर उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, पण कारण पटावं लागतं. "लाज वाटत होती" हे कारण कागदावर फार तग धरत नाही. "व्यसनमुक्ती केंद्रात भरती होतो, हे बघा कागद" हे कारण धरू शकतं.

पेन्शनच्या वादाला थोडी ढील आहे. दर महिन्याला न मिळणारी पेन्शन हा चालू राहिलेला अन्याय धरला जातो, त्यामुळे उशीर झाला तरी दावा ऐकला जाऊ शकतो. पण मागची थकबाकी साधारण तीन वर्षांपुरतीच मिळते, असं 2008 च्या निकालापासून चालत आलंय. बडतर्फी हा मात्र एकदाच झालेला हुकूम, त्याला ही ढील सहज मिळत नाही.

न्यायाधिकरणात हरलं तर वाट संपली असं पूर्वी वाटायचं. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्याविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येते. म्हणजे खटाव-माणच्या जवानाला दिल्लीच गाठली पाहिजे असं राहिलं नाही.

ट्रंक उघडून आधी काय बघायचं

पहिला कागद डिस्चार्जचा दाखला. आर्मी ॲक्टचं कलम 23 सांगतं की प्रत्येक जवानाला हा दाखला इंग्रजीबरोबर त्याच्या मातृभाषेतही द्यायला हवा. त्यात कुणाच्या हुकमाने काढलं, कशासाठी काढलं आणि एकूण सेवा किती, या तीन गोष्टी हव्यात. इंग्रजी कागद वाचता येत नाही म्हणून गप्प बसलेल्या घरांनी हे लक्षात ठेवावं. मराठीत दाखला हा मराठी जवानाचा हक्क आहे.

दुसरं, नोटीस आणि तिला दिलेलं उत्तर. तिसरं, शिक्षेच्या नोंदींचा उतारा म्हणजे शीट रोल. चौथं, दवाखान्याचे सगळे कागद. जे हातात नाही ते आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडून मागता येतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. साध्या अर्जाला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात 10 रुपयांत अर्ज होतो आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे.

वकिलासाठी पैसे नाहीत ही अडचण सगळ्यांची. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 26 जुलै 2025 ला, कारगिल विजय दिनी, वीर परिवार सहायता योजना सुरू केली. तिच्यात सैनिक कल्याण कार्यालयांत कायदेशीर मदतीची केंद्रं ठेवायचं ठरलंय. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारायला कुणाची ओळख लागत नाही. जवान हयात नसेल तर त्याची पत्नीही सेवेच्या वादात न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते, आणि महिलांना मोफत विधी सहाय्याला उत्पन्नाची अट नाही.

"पेन्शन काढून देतो, निम्मी थकबाकी माझी" असं म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहावं. निकालावर हिस्सा ठरवून फी घेणं वकिलांच्या आचारसंहितेतच बसत नाही. वकील नसलेल्या दलालाला तर तिथं उभंच राहता येत नाही.

आणि एक. अर्जात खोटं लिहू नये. "मी कधी दारू प्यालोच नाही" असं लिहायचं आणि कागदात चार वैद्यकीय तपासण्या निघायच्या, यात सगळंच बुडतं. नोंद खरी असेल तर मान्य करून पद्धत, प्रमाण आणि परिस्थिती यावर बोलणं जास्त टिकतं. आज सुटलेलं व्यसन हाही पुरावाच आहे.

आता अग्निवीरांचा प्रश्न

हा विषय जुन्या फौजींपुरता राहणार नाही. 2022 च्या अग्निपथ योजनेतली पहिली पोरं 2023 च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेली. त्यांची चार वर्षं 2026 अखेर ते 2027 च्या सुरुवातीला भरतात. त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के कायम होणार, बाकीचे गावाकडे येणार. पेन्शन मुळातच नाही. कुणाला ठेवायचं हे चार वर्षांतल्या कामगिरीवर ठरणार, आणि घरी आल्यावर निमलष्करी दलातल्या राखीव जागांसाठी किंवा दुसऱ्या नोकरीसाठी तोच कागद दाखवावा लागणार.

जुन्या जवानाला चार चुका करायला बारा वर्षं मिळायची आणि सुधारायला मधे वेळ असायचा. अग्निवीराला अठरा-एकोणीसाव्या वर्षी केलेली एक चूक भोवू शकते. भरती अकादम्या गावोगाव निघाल्यात. सोळाशे मीटर किती मिनिटांत, हे तिथं रोज घोकून घेतात. नोटीस हातात आली तर उत्तर कसं द्यायचं, नशेची सवय लागतेय वाटलं तर स्वतःहून एमओकडे कसं जायचं, हे कुणी शिकवत नाही.

कराडला विजय दिवसाला हजारोंनी माणसं जमतात, टाळ्या वाजतात. तशाच एखाद्या गर्दीत मागे, कोपऱ्यात, बारा-तेरा वर्षं सीमेवर काढून रिकाम्या हाताने आलेला एखादा फौजीही उभा असतो. तो चुकला असेल. पण चुकीची शिक्षा किती आणि तिच्यात न्याय किती, हे पारावरच्या कुजबुजीने ठरवायचं काम नाही. त्यासाठी न्यायाधिकरण आहे. भावकीतल्या कुणी त्याला एकदा एवढंच म्हणावं, "दादा, कागद काढ, बघू तरी काय लिहिलंय." आणि ते सहा महिन्यांच्या आत म्हणावं.